बाटलीतली वाळू आणि पुडीतली पूड

ज्वारीची काढणी सुरू झाली की आमच्या मुरुम गावच्या वाऱ्याला एक कोरडा, गोडसर वास सुटतो. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. उपटलेल्या धाटांबरोबर मुळांना चिकटलेली माती वर येते आणि दुपारपर्यंत ती वाळून सगळ्या गावाच्या अंगावर बसते. दोरीवरच्या धुण्यावर, चहाच्या बशीत, पापण्यांवर. पूर्वी हा वास आला की मला बरं वाटायचं. यंदा परवा सकाळी तो आला आणि मी उठून घराचा दरवाजा लावून घेतला. गेल्या वर्षीची सुगी त्याच्यामागून आत येईल अशी धास्ती वाटली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. आडत बाजारात मी मापाडी आहे. उभी हयात पोती तोलण्यात गेली. पोत्याच्या तोंडाशी नेहमी टपोरी, पांढरी ज्वारी असते. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसली की तळातला दमट, काळपट दाणा हातावर येतो. माल आणणारा कसनुसं हसतो, मी हसत नाही. ही सवय बाजारात ठेवून घरी येता येत नाही. मेथीची जुडी आणली तरी मी ती सोडून आतली पानं बघतो. शालन, म्हणजे माझी बायको, एकदा शेजारणीसमोर म्हणाली होती, "लग्नाच्या टायमाला मलाबी नळी खुपसूनच बगितलं असंल ह्यांनी." सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण त्या रात्री बराच वेळ तिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलो.

तिला साखरेचा त्रास दोन-तीन वर्षांपासून होता. त्यात गेल्या पौषात तिच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. अंगात बारीक कणकण. एका सकाळी ती भाकरी थापायला बसली. एरवी तिच्या परातीचा आवाज मी डोळे मिटून ओळखतो. त्या दिवशी तो दोन-चार थापांतच थांबला. मी आत गेलो तर ती दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून पिठाच्या गोळ्याकडे बघत बसली होती. मला फार भीती वाटली. तिला काय झालंय याची, आणि खरं सांगायचं तर, हिचं काही झालं तर माझं काय, याचीही.

सोलापूरला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या, तिथंच मला पहिला संशय आला. त्यांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं आणि दुसऱ्या खेपेला सांगितलं की हा आमवात आहे. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती बाहेरच्या रोगजंतूंवर धावून जायचं सोडून घरच्याच सांध्यांना परकं समजायला लागते. मग तिथं दाह होतो, सूज येते, आणि ही सूज नुसती बोटांत राहत नाही. ती सगळ्या शरीरात मंद धुमसत राहते, त्यामुळं साखरही आवरत नाही.

"म्हणजे शरीराला आपल्याच माणसांचा संशय यायला लागतो, असं समजा काका," त्या मला म्हणाल्या. त्यांना माझा स्वभाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तरी मी शालनकडं पाहिलं. हिनं आधीच काही सांगून ठेवलंय की काय!

गोळ्या दिल्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला तळवे लावून ढकलायचं. जेवण झालं की वीस मिनिटं चालायचं. आणि पाण्याच्या दोन बाटल्यांत वाळू भरून त्या हळूहळू उचलायच्या, मनगटाला झेपेल तेवढ्याच. दर आठवड्याला मूठभर वाळू वाढवायची. सांधा गरम लागला, ताप आला, की त्या दिवशी बाटल्यांना सुट्टी, नुसती बोटं मिटायची आणि उघडायची.

माझ्या कानांवर विश्वास बसेना. अंगात कणकण असलेल्या बाईला कवायत? आमच्याकडं आजारी माणसाला खाटेवरून पाय खाली टेकवू देत नाहीत. मी विचारलं, "सलाईन न्हाई? सुई न्हाई?"

"नको काका. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. आणि अंग रोज नियमानं हललं तर आतली धग हळूहळू कमी व्हायला मदत होते. गोळ्या आहेतच. हे त्यांच्या जोडीला."

"मग ती ज्वारी उपटाया गेली तर? तिथं तर अंग हलतंच की."

डॉक्टरीणबाईंनी शालनला विचारलं, "काकू, रानात हात दुखायला लागला तर थांबता का?"

"धरलेली पात संपल्याबिगर कसं थांबावं?" शालन म्हणाली. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याला आलेला रानाचा पट्टा. तो सोडून बाई बांधावर बसली की मागनं बोलणं सुरू होतं.

"म्हणून ते काम झालं. व्यायामात थांबता येतं."

हे वाक्य मला आज पटतं. कामाला कुणीतरी मालक असतो, मग तो घरचा असला तरी. शरीर नको म्हणतं तेव्हा काम ऐकत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, शहरातली पोर आहे, बसल्या खुर्चीवरून बोलतेय. औषध थोडं आणि बोलणं जास्त, म्हणजे हिला रोग कळलेला नाही. परतीच्या गाडीत मी शालनला तसं म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बगू की करून. बाटल्याला काय लागतंय?"

आणि ती करायला लागली.

माघ उजाडला. गावात कणसं भरून वाकली होती. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका बसून रानात जायच्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज गल्लीभर रेंगाळायचा. दरवर्षी त्यात शालन असायची. पात धरली की सगळ्यांच्या पुढं. गेल्या वर्षी ती दारात उभी राहून ट्रॉली जाताना बघायची आणि मग मागच्या अंगणात फेऱ्या घालायची. मला तिचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच.

आमच्यात आजारी माणसाला भेटायला जायची रीत आहे. हातात केळी, नाहीतर बिस्किटाचा पुडा. साखरवाल्यालाही तोच पुडा. रोग्यानं अंगावर घोंगडी घेऊन पडायचं, पाहुण्यानं पायथ्याशी बसायचं, 'कसं काय झालं म्हणावं' म्हणायचं. या रीतीत रोग्याचंही एक काम असतं, ते म्हणजे आजारी दिसणं. माझी थोरली भावजय, आमच्या वहिनी, अशा भेटायला आल्या तेव्हा शालन जेवण करून अंगणात झपझप फेऱ्या घालत होती. वहिनींनी केळी ओट्यावर ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्या म्हनलं बाई आंथरुनात असंल. तू तर फिरायलीस की गं!"

"डॉक्टरनं सांगितलंय, जाऊबाई."

"व्हय? डॉक्टरनं फिराया सांगितलंय. रानात याया न्हाई सांगितलं व्हय?"

शालनच्या फेऱ्या थांबल्या. मी ओसरीवर होतो. मी म्हणायला हवं होतं की वहिनी, तिच्या बोटांकडं बघा. मी म्हणालो नाही. कारण वहिनींच्या तोंडून माझाच संशय बोलत होता.

तो संशय वाढायला आणखी एक कारण होतं, आणि ते मी स्वतःच घरी आणलं होतं. माघाच्या सुरुवातीला एक सकाळ फार वाईट गेली. शालनला वेणी घालता येईना. फणी हातातून पडली आणि ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला दुखण्यासाठी रडताना पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी बाजारात एका ओळखीच्यानं सांगितलं की सीमेपलीकडच्या एका गावात पुडी देणारा आहे, दोन दिवसांत माणूस पळतो. मी बाजार सोडून मोटारसायकलवर गेलो. लिंबाच्या झाडाखाली बसलेला म्हातारा, मोडकं मराठी, मध्ये मध्ये कानडी. त्यानं रोग विचारला नाही, कागद मागितले नाहीत. नुसता डोळे मिटून म्हणाला, "सूज? हूं." आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या भुरकट पुड्या दिल्या. "मुंजाने संजे," तो म्हणाला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ.

आता मजा बघा. पोत्यापोत्यात नळी खुपसणारा मी. पण पुडीत काय आहे, हा प्रश्न काही माझ्या तोंडून निघाला नाही.

दोन दिवसांत शालनची मूठ मिटली. तिसऱ्या दिवशी परातीचा आवाज पुन्हा घुमला. मी ओसरीवर बसून तो ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंच्या कवायतीनं नव्हे, माझ्या पुडीनं हे झालं, याचा मला केवढा अभिमान! शालननं एकदाच विचारलं, "ह्यात काय असंल हो?" मी म्हणालो, "झाडपाला. दुसरं काय असणार?" इतक्या खात्रीनं मी ज्वारीच्या पोत्याबद्दलही कधी बोललो नाही. डॉक्टरांच्या गोळ्या ती घेतच होती, व्यायामही करत होती, आणि पुडीही.

आता ती बरी दिसायला लागली आणि माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. हात चालतात, तर ही रानात का जात नाही? एका दुपारी मी बाजारातून अवेळी घरी आलो. माळवदावरून दमानं मोजल्याचा आवाज येत होता. जिन्यात चपला काढून वर गेलो. शालन भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हातांत बाटल्या, डोळे मिटलेले, ओठांवर आकडे. चेहऱ्यावर असा काही एकाग्रपणा होता की मी तिथूनच परत फिरलो. बायको माळवदावर एकटीच काहीतरी मन लावून करते, यातलं नेमकं काय खुपलं ते मला सांगता येणार नाही. पण खुपलं.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर मी त्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि बाजारात नेऊन तोलल्या. हो, काट्यावर ठेवून. मला वाटत होतं की वाळू कमी असेल. नुसतं दाखवायला उचलत असेल. दोन्ही मिळून पावणेदोन किलो भरल्या. आठवड्यानं पुन्हा नेल्या, तर वजन थोडं वाढलेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. दोन्ही बाटल्यांत ग्रॅमाचाही फरक नाही. इतकं सरळ माप मी बाजारात क्वचित पाहिलंय. सोबतच्या हमालानं विचारलं, "मापाडी, ही वाळू कुनाची?" मी काहीतरी थाप मारली. माणूस मालात खोट शोधायला जातो आणि खोट सापडत नाही, तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मी फक्त संशयाची जागा बदलली.

कारण गावातल्या तपासणीत तिची साखर चढलेली निघाली. उतरायची सोडून बरीच वर. शालनचा चेहराही फुगल्यासारखा, गोल दिसायला लागला होता. बायका म्हणायच्या, अंग धरलंय. मी हिशेब मांडला. गोळ्या डॉक्टरच्या, त्या जुन्या रोगाच्या. पुडीनं तर सूज उतरलेली. मग नवीन काय? कवायत! त्या बाटल्याच साखर चढवतात. मी घरी आलो, बाटल्या उचलल्या आणि बाजारातल्या माझ्या पेटीत कुलपात ठेवल्या.

संध्याकाळी तिनं विचारलं, "बाटल्या कुठं हायत?"

"बंद आता ते. साखर बगितलीस का किती चढलीय?"

ती जिन्याकडं बघत म्हणाली, "बाटल्या न्हेल्या. जिना कसा न्ह्याल?"

दुसऱ्या दिवसापासून ती जिना चढायला लागली. सकाळी दहा वेळा, दुपारी दहा वेळा. मला ऐकू येईल अशी पावलं टाकत. मी चिडलो, बोललो, दोन दिवस अबोलाही धरला. तिनं तोंडानं एकदाही उत्तर दिलं नाही. फक्त ती पावलं, वर आणि खाली. तोवर फाल्गुन लागला होता, रानं मोकळी झाली होती, कडब्याच्या गंज्या रचून झाल्या होत्या, आणि मळणीयंत्राचा भुसा सगळीकडं उडत होता. त्या भुशानं अंगाला खाज सुटते, दिवसभर सुटत राहते. माझा महिना तसाच गेला.

मग सोलापूरची तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, शालनचा चेहरा पाहिला, पुन्हा कागद पाहिले.

"काकू, दुसरं काही औषध घेता का? गावठी, कुणी दिलेलं, काहीही?"

शालननं माझ्याकडं पाहिलं. मला त्या क्षणी कळलं होतं. पुरतं नसेल, पण दमट पोत्यात नळी शिरताना हाताला जे कळतं, तेवढं कळलं होतं. आणि मी म्हणालो, "न्हाई. दुसरं काय न्हाई. ते व्यायामानंच काहीतरी झालंय."

डॉक्टरीणबाईंनी शालनकडं पाहिलं. शालन खाली मान घालून बसली. त्यांनी साखरेची गोळी वाढवली, आठवड्यानं परत या म्हणाल्या.

गाडी नळदुर्गला थांबली. बाहेर ढाब्यांसमोर ट्रक उभे, उन्हात डिझेलचा आणि तळणाचा वास. मी खिडकीतून दोन चहा घेतले, तिचा बिनसाखरेचा. तिनं तोंड पुसायला पिशवीतून रुमाल काढला. रुमालाच्या टोकाला गाठ होती आणि गाठीत भुरकट कागदाच्या चार पुड्या.

"ह्या कशाला आनल्यास?"

"डॉक्टरीनबाईला दाखवाया."

"मग दाखवल्या का न्हाईस?"

"तुमी न्हाई म्हनलाव की."

एवढंच. रागानं नाही, कुठला सूर लावून नाही. तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे आता ते नाहीच, अशा साधेपणानं. माझ्या त्या 'नाही'साठी ती आपली वाढलेली साखर घेऊन मुकाट्यानं गावी परत निघाली होती. मी चहा तसाच खिडकीबाहेर ओतला. "उतर," मी म्हणालो. गाडीतली माणसं बघायला लागली. आम्ही उतरलो, हमरस्ता ओलांडला आणि उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत धुळीत उभे राहिलो.

ती वाट बघण्याची वीस-पंचवीस मिनिटं मला त्या सगळ्या सुगीपेक्षा लांब वाटतात. आज हे लिहिताना शालन बरी आहे. आमवात गेलेला नाही, तो जाणारा पाहुणा नाही. पण गोळ्या नियमानं आहेत, चालणं आहे, वाळू आहे. सूज मोजणारा रक्तातला आकडा सावकाश खाली आला, साखर ताब्यात आहे. एखाद्या सकाळी सांधे पेटतात, तेव्हा ती नुसती बोटं मिटत-उघडत बसते आणि मी भाकरी करतो, जिला ती नकाशा म्हणते. हे सगळं व्हायला वर्ष गेलं. पुडीला दोन दिवस लागले होते. जे इतकं झटपट पटतं त्याच्यावर संशय घ्यायचं सुचत नाही, आणि जे रोज मूठभरानं वाढतं त्याच्यावर मात्र आपण काटा घेऊन टपलेले असतो, हे मला नळदुर्गच्या धुळीत उभं राहून थोडंफार कळलं. सगळं कळलं असं म्हणत नाही.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात असताना आम्ही परत पोचलो. मी पुड्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "म्या खोटं बोललो. हिनं सकाळीच दाखवाया आनल्या व्हत्या." डॉक्टरीणबाईंनी पूड कागदावर पसरून पाहिली. अशा पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, त्या म्हणाल्या. सूज झटकन दाबतं, साखर चढवतं, चेहरा फुगवतं. या पुडीतही तेच असावं असा त्यांना दाट संशय होता. आणि आता मनानं एकदम बंदही करायचं नाही, तेही धोक्याचं. त्या सांगतील तसं, त्यांच्या देखरेखीखाली उतरवत आणायचं. व्यायाम चालूच. माझ्यावर त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी शालनला विचारलं, "काकू, तुम्हाला शंका आली होती. मग सकाळीच का नाही बोललात? जिवाशी खेळ होता हा."

शालननं पदर सारखा केला. "ह्यांचा कुनावरच इस्वास न्हाई बाई. भावावर न्हाई, गावावर न्हाई, तुमच्यावरबी न्हाई. जलमात एका मानसावर बसला व्हता. तो म्या चारचौघांत कसा मोडू?"

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. तो एक माणूस म्हणजे लिंबाखालचा तो म्हातारा, ज्याचं मी नावही विचारलं नव्हतं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या विश्वासाच्या माणसांत तिनं स्वतःला धरलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात ती आशा तिनं केव्हाच सोडून दिली असावी.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून तिच्या हातातली पिशवी घ्यायला मी हात पुढं केला. ती पायरीवरच थांबली, आणि सवयीनं पिशवीचं तोंड उघडून आत काय आहे ते मला दाखवायला लागली.